चारोटीचा दुसरा नाका

माणसाला मोजण्याची भारी हौस. दिवाळीत करंज्या मोजून डब्यात जातात, दुकानदार रात्री गल्ला मोजतो, भाऊबीज आटोपली की मुली ओवाळणी मोजतात. जे आपले आहे ते माणूस मोजायचाच. पण जे आपले नाही, आपल्याकडे मुक्कामालाही थांबायचे नाही, ते मोजायला कुणी डोंगर चढून जातो असे कळले की लोक त्याच्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. माझ्याकडे सध्या तसेच पाहतात.

दसरा झाला की मी सवड काढून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर चढतो आणि वरून जाणारे शिकारी पक्षी मोजतो. मुंबई-अहमदाबाद रस्त्याने गेलेल्या वाचकांना चारोटीजवळचा हा सुळका आठवेल. मुसळ्या डोंगर म्हणतात त्याला, आणि नाव अगदी साजेसे आहे. त्याच्या अगदी टोकावर चैत्री पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचे पुजारी देवीचा ध्वज लावतात. तो मान त्यांचा. तुमच्याआमच्यासारख्याने सुळक्याच्या पायथ्याशी सावली पाहून बसावे.

खाली चारोटीचा टोलनाका. तिथे गाडी आली की नोंद होते, पैसे वळते होतात. वर माझा नाका. इथे फाटक नाही, वसुली नाही. एक दुर्बीण, एक वही आणि शिसपेन्सिल. दोन्ही नाक्यांचे काम मात्र एकच : कोण गेले, किती गेले, कुठल्या दिशेला गेले.

या धंद्याचे काही नियम आहेत. भल्या पहाटे धावत येण्यात अर्थ नाही. मोठ्या पंखांचे पक्षी सरकारी कचेरीसारखे उशिरा उघडतात. ऊन चढून जमीन तापली, तापलेली हवा वर उठू लागली, म्हणजे तिच्यावर गोल गोल फिरत ते उंची गाठतात आणि मग पंख न हलवता पुढच्या डोंगरापर्यंत घसरत जातात. घार शेपटीच्या खाचेवरून ओळखावी. गवतावरून तरंगणाऱ्या भोवत्याचे पंख अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे वर उचललेले असतात. ससाण्याचे पंख टोकदार. शिक्रा चारदोन वेळा पंख मारतो, मग घसरतो. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की आभाळात एक रेघ कल्पावी आणि ती ओलांडून जो पुढे गेला त्यालाच मोजावे. घिरट्या घालणारे घरचे. त्यांना प्रवासी म्हणू नये.

हे घरचे-बाहेरचे ओळखण्यात माझा गुरू आहे पायथ्याच्या पाड्यातला एक वारली मुलगा. दुर्बिणीला तो हात लावीत नाही. मी भिंग जुळवीत असतो तोवर तो सांगून मोकळा होतो, "काका, ही लिहू नका. इथलीच आहे. शेपटीचं एक पीस तुटलंय तिचं."

संध्याकाळी घरी परतलो की ठराविक प्रश्न येतो.

"आज किती?"

"एकही नाही."

"मग दिवसभर केलंत काय?"

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते जरा लांबून आणावे लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये एक डोंगर आहे. शरद ऋतूत त्यावरून ससाणे, गरुड दक्षिणेकडे जात, आणि गावोगावचे लोक केवळ करमणूक म्हणून बंदुकीने त्यांचा खच पाडीत. 1934 साली रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्रून यांना राखणीला बसविले. ब्रून नुसते राखीत बसले नाहीत. ते मोजीत बसले. महायुद्धाचा खंड सोडला तर ती मोजणी आजतागायत चालू आहे. पुढे रेचेल कार्सन यांनी 1962 च्या आपल्या पुस्तकात कीटकनाशकांविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा याच वह्या साक्षीला आल्या. मोठे गरुड दिसत होते, पण त्यांतली पिल्ले घटत चालली होती. हे एका दिवसात कुणाच्या डोळ्यांना दिसले नसते. वीस-पंचवीस वर्षांच्या आकड्यांना दिसले.

आपल्याकडची गोष्ट याहून कडू आहे. गिधाडे इतकी होती की ती मोजावीत असे फारसे कुणाला वाटलेच नाही. भरतपूरला विभू प्रकाश यांनी 1980 नंतरच्या दशकात ती मोजून ठेवली होती, म्हणून पुढच्या दशकात ती कमी झाल्याचे त्यांना कळले. गुरांना टोचायचे डायक्लोफेनॅक हे औषध याच्या मुळाशी असल्याचे 2004 मध्ये उघड झाले आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारांत नऊशे नव्याण्णव गेली होती. ज्या गावांत वही नव्हती, त्या गावांत उरली फक्त म्हाताऱ्यांची आठवण. आणि आठवणीला पुराव्याचे मोल कोण देतो?

आता जे कुणाचेच नाहीत त्यांचे पाहा. अमूर ससाणा वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पारव्याच्या निम्मा. तो सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडमध्ये उतरतो आणि कार्तिकाच्या सुमारास आपल्या द्वीपकल्पावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. मागे लागलेला ईशान्येचा वारा त्याला साथ देतो. नागालँडात दोयांगच्या जलाशयावर 2012 साली जाळी लावून लाखाच्या वर ससाणे मारल्याचा अंदाज निघाला. दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांनी शपथ घेतली आणि मारणे थांबविले. 2013 मध्ये तीन पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावे दिली, तेव्हा त्यांची वाट नकाशावर उमटली. एका गावाने जाळी आवरली, याचा हिशेब असा दोन खंडांत जमा होतो.

आमच्या डहाणूला 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुक्याचा दर्जा आहे. 2024 साली वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. पुढे काय होईल यावर चारोटीच्या चहाच्या टपरीवर रोज दोन पक्ष पडतात, आणि दोघेही मोठ्याने बोलतात. मी आपला गप्प चहा पितो. वीस वर्षांनी कुणीतरी विचारील, या आभाळातून पूर्वी काय जात होते? त्या दिवशी मोठा आवाज उपयोगी पडायचा नाही. तारीख, वेळ, वारा आणि आकडा लागेल. त्यांत माझी शून्येही लागतील. पाहिले आणि दिसले नाही, हे पाहिलेच नाही याहून फार वेगळे असते.

यंदा त्या मुलाने स्वतःची वही घातली आहे. गणिताच्या जुन्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर तो रकाने आखतो. माझ्यापेक्षा एक रकाना त्याने जास्त ठेवला आहे : इथल्याच घारींचा. त्याचे म्हणणे, जाणाऱ्यांची नोंद ठेवता, मग राहणाऱ्यांनी काय पाप केले?