पवनीचा परकोट

उमरेड, भिवापूर मागे टाकून पवनीला बहिणीकडे पोहोचलो, तेव्हा असरची वेळ झाली होती. पूर्वेला वैनगंगा, बाकी तिन्ही बाजूंना जुना परकोट आणि खंदक. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. गाव दोन हजार वर्षांहून जुने.

नमाजनंतर भाच्यासोबत घाटावर बसलो. धानाचा हंगाम संपला की इथे हाताला काम नसते, म्हणून तो रोज फोनवर परराज्यातली नोकरी शोधतो.

"मामू, हैदराबादला गोदामात काम मिळतंय. नोंदणीचे फक्त दोन हजार भरायचे आहेत."

बाजीने पैसे काढूनही ठेवले होते.

"कंपनीचा पत्ता काय? मुलाखत कोणी घेतली?"

तो गप्प. मी फोन लावायला सांगितला. पत्ता विचारताच समोरचा म्हणाला, "आधी पैसे पाठव." पुन्हा लावला, तर नंबर बंद.

मग केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळावर त्याचे नाव नोंदवले. ते २०१५ पासून आहे, नोंदणीला पैसे लागत नाहीत. फसवणुकीत पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर कळवायचे, हेही त्याला सांगितले.

रिज्क देणारा अल्लाहच. पण आधी उंट बांधा, मग तवक्कल करा, ही आपल्या नबी (सल्ल.) यांचीच शिकवण. गावाला परकोट होता. फोनमधून येणाऱ्या पाहुण्याला मात्र दारात आपणच अडवायचे.

मगरिबनंतर घरी आलो. बाजीने पैसे परत डब्यात ठेवले.