अन्ननलिका काढल्यानंतरचं जेवण

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस वाळत चालला की गावात म्हणतात, ‘खात नाही, मनावर घेत नाही.’ मी या ऑपरेशनमधून गेलो आहे, आणि या वजनघटीचा दोष मनाला देणं मला अन्यायाचं वाटतं. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी जठराचीच नळी करून ती छातीत वर ओढून जोडतात, म्हणजे अन्न साठवायला जागाच उरत नाही. जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नसा कापल्या जातात, भूक जागवणारं घ्रेलिन कमी होतं. चार घासांत पोट गच्च होतं आणि पुढे भूक लागतच नाही. पहिल्या सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन जाणं सर्रास घडतं. ७० किलोंचा गडी ६३ च्या खाली येतो.

भीमा आणि मुळा-मुठेच्या मधलं आमचं राहू बेट उसाचं आणि गुऱ्हाळांचं. अशक्त माणसापुढे काकवी, उसाचा रस, गुळाचा शिरा येणारच, आणि ते सगळं मायेनेच येतं. पण जठराची नळी गोड पातळ पदार्थ थोपवून धरत नाही. तो भस्सकन लहान आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. दोनचारदा असं झालं की माणूस ताटालाच भितो, आणि घरच्यांना ते नखरे वाटतात.

मग पचायला हलकी म्हणून पेज किंवा वरणाचं पाणी द्यावं का? नुसत्या त्यावर ठेवलं तर होती नव्हती तेवढी जागा पाण्यानेच भरते. त्याच अर्ध्या वाटीत तूप घातलेला घट्ट, मऊ वरणभात, अंडं किंवा दाण्याचा कूट बसवावा. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने घोटघोट प्यावं. असं दिवसातून सहा ते आठ वेळा खायचं, आणि खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही, कारण अन्न वर येऊ न देणारी झडप आता नसते. ऊसतोडणीच्या दिवसांत इतक्या वेळा कोण वाढणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण चूल आठदा पेटवावी लागत नाही. सकाळच्याच कालवणात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, दही छोट्या डब्यांत उशाशी ठेवलं तरी भागतं. उपाशी ठेवल्याने कॅन्सर मरतो म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नये. त्याने रोग मरत नाही, स्नायू झडतात.

एवढं करूनही काटा खाली येत असेल, तर नेटाने खा असं सांगून उपयोग नाही. घास अडकत असेल तर जोड आकसलेला असू शकतो. तो दुर्बिणीतून रुंद करता येतो. शौच तेलकट, तरंगणारी होत असेल तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असतील; त्यासाठी जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूल मिळतात. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं लागतं. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना स्कॅनच्या फाइलसोबत दर आठवड्याच्या वजनाचा कागदही न्यावा आणि आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी.