साडेबाराचे बारा

मंडळी, शाळेत मी कॉपी पकडायचे ती बरोबर उत्तरांवरून नाही, चुकांवरून. दोघांची चूक अगदी सारखी आली की समजायचं! परवा मंडईत माझीच कॉपी पकडली गेली.

१८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या आपल्या मंडईत माझ्या एक ठरलेल्या भाजीवाल्या मावशी आहेत. त्यांच्यासकट सहा गाळ्यांच्या उधारीच्या एक्सेल फायली मी हौसेने करून दिल्या. रक्कम पूर्ण रुपयांत आणणारा मॅक्रो एकीत लिहिला आणि पाचांत चिकटवला. मावशी म्हणाल्या, "बाई, पन्नास रुपये किलो, पावशेराचे साडेबारा. तुमच्या हिशोबात बाराच कसे?" मी म्हटलं, "मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही."

घरी येऊन पाहिलं.. साडेतेराचे चौदा, पण साडेबाराचे बारा! मॅक्रोतला 'राउंड' बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. शीटवरचा 'राउंड' मात्र तेरा देतो.

हाताने दुरुस्त करायला बसले आणि एक फाइल राहून गेली. नेमकी मावशींचीच.

मग भाच्याने फोनवर दुसरी वाट दाखवली. आधी सगळ्या फायलींच्या प्रती काढून ठेवायच्या. दुरुस्त मॉड्यूल 'एक्स्पोर्ट' करून .बास फाइल करायची. मग वेगळ्या फाइलमधला एक छोटा मॅक्रो सहाही फायली एकेक उघडतो, जुनं मॉड्यूल काढतो, नवं 'इम्पोर्ट' करतो आणि जतन करतो. जुनं काढायला विसरलात तर नवं नावापुढे आकडा लावून शेजारी बसतं आणि जुनी चूक तिथेच राहते! यासाठी ट्रस्ट सेंटरमध्ये व्हीबीए प्रोजेक्ट वापरायची परवानगी द्यावी लागते. काम झाल्यावर ती खूण काढून टाकावी, कारण व्हायरसही याच दाराने शिरतात. आणि फाइल .एक्सएलएसएम हवी, .एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं." माझ्या खात्यावर अशा सात नोंदी निघाल्या, सात रुपये दिले. बाकी गिऱ्हाइकांकडे आता कोण मागणार? ते मावशींचे गेलेच.

आता मूळ मॉड्यूल एकाच जागी ठेवते. सहा फायलींत पाठवण्याआधी पाच-सहा हिशोब मावशींना तोंडी घालते. त्यांचं उत्तर आणि माझं जुळलं तरच कॉपी!

असो. हिशोबवहीची तुमची काही फजिती झाली असेल तर जरूर कळवा.