मारिओ, सोनिक आणि बांध

परवा नातवाने त्याच्या गेममध्ये मारिओ आणि सोनिक एकत्र धावताना दाखवले. मारिओ माझ्या ओळखीचा. नव्वदच्या दशकात जळगावला मुलासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता, त्यात तो होता. ते यंत्र निन्टेन्डोचे नसून त्याची नक्कल होती, हे फार उशिरा कळले.

"आणि हा सोनिक कोण रे?"

"आबा, तो सेगाचा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या कट्टर वैरी होत्या!"

१९९१ मध्ये सेगाने सोनिक आणला तोच मारिओला टक्कर द्यायला. पुढे सोनीचे प्लेस्टेशन आले, आणि २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवले. त्याच वर्षी सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. २००७ मध्ये तर दोघे ऑलिंपिकच्या एकाच गेममध्ये उतरले.

मी गप्प झालो. धुळ्याला राहणाऱ्या थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून बोलणे सोडले, त्याला बावीस वर्षे झाली. पुढे दोघांनीही शेत विकले. बांध आता आमच्यापैकी कुणाचाच नाही.

त्या दिवशी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. आज पुन्हा घेतला आहे. बघू, दादा उचलतो का.