वारशावरची दुर्बीण

वडिलांच्या पुस्तकांची वाटणी आम्हां दोघा भावांत सहज झाली. अडली ती रायफल. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यातली, पॉइंट बावीसची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार वारसालाही स्वतःचा परवाना लागतो. तो थोरल्याच्या नावे झाला आणि रायफल पुन्हा क्लबच्या मैदानावर जाऊ लागली. नेम धरणारा एक, वाद घालणारे दोघे, अशी आमची विभागणी आहे.

वाद दुर्बिणीचा होता. उघड्या नेमात मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि पन्नास मीटरवरचे लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळा या तिघांत इतक्या चपळाईने फिरतो की अडचण जाणवत नाही; चाळिशी उलटली की खाच धूसर होते. दुर्बीण आपली फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात आणून ठेवते. वाचायला चष्मा लागलेल्यांना याहून अधिक सांगायला नको.

परंतु या रायफलीच्या रिसीव्हरवर दुर्बिणीची बैठक सरकवण्यासाठी खाचा नाहीत. म्हणजे पोलादाला चार छिद्रे पाडून आटे कापणे आले. धाकट्याने एकनाथांचा दाखला दिला: शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून झाल्यावर, तीत कुणी आपली ओवी मिसळू नये असे त्यांनी बजावले होते. शिवाय २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले ते याच जातीच्या काडतुसावर आणि दुर्बिणीविना. त्या स्पर्धेत बारीक छिद्रातून पाहायचा नेम असतो. थोरल्याचे उत्तर असे की तो नेम बसवायलाही स्क्रू लागतातच. आणि एकनाथांनी हात घातला म्हणून तर प्रत शुद्ध झाली.

दोन्ही म्हणणी खरी होती. निर्णय झाला तो वेगळ्या प्रश्नावर: या बदलात मूळचे काय नाहीसे होणार? परवानाधारक कारागिराने खाच आणि माशी जागच्या जागी ठेवली. दस्त्याची पाठ उघड्या नेमासाठी खोलगट घडवलेली आहे. दुर्बिणीतून पाहताना गाल तिच्यावर टेकत नाही. लाकडाला हात न लावता त्यावर चामड्याची गादी बांधली. रिमफायर काडतुसाचा धक्का इतका हलका की चार बारीक स्क्रू पुरतात. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे, आजही सर्रास मिळणारे. रायफल जुनी झाली तरी तिची भाषा मृत झालेली नाही.

नेम जुळवताना एक गंमत ध्यानात आली. दुर्बिणीचा अक्ष नळीच्या सुमारे दीड इंच वर असतो. गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, वर येऊन ती रेषा ओलांडते आणि मग पुन्हा खाली उतरते. पाहणे आणि पोहोचणे यांचे मार्ग वेगळे. ते एका ठरावीक अंतरावर एकत्र येतील अशी योजना करावी लागते. दुर्बिणीच्या चकतीची एक टिकटिक पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटरांचा फरक करते. टीकाकाराला एवढा सूक्ष्म खिळा मिळाला असता तर!

दुर्बीण उद्या कुणी उतरवू शकेल. छिद्रे बुजणार नाहीत. त्यांत रिकामे स्क्रू भरले तरी इथे कुणीतरी हात घातला होता हे दिसत राहील. ते दिसावे असेच आम्हांला वाटते. समासातली टीप मजकुरात मिसळली की प्रत बिघडते; समासातच राहिली, तर पुढच्या वाचकाला मूळ पाठ कुठे संपतो आणि आम्ही कुठे सुरू होतो हे कळते. वडिलांच्या गालाने गुळगुळीत झालेले लाकूड त्या गादीखाली आहे तसेच आहे.