६ मिलिमीटर नारिंगी

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरली, तिच्यावर एक पिस्तूल सुटे करून मांडले आणि मला मदतीला हाक मारली. पिस्तूल खोटे होते. एअरसॉफ्ट नावाच्या खेळात वापरतात तसले. वजनाने आणि आकाराने खऱ्यासारखे, पण त्यातून सुटते ती प्लॅस्टिकची, ६ मिलिमीटर व्यासाची गोळी. मित्राकडून त्याने ते जुने म्हणून स्वस्तात घेतले होते. वरच्या सरकत्या भागाचा, म्हणजे स्लाइडचा, काळा रंग कडांवर उडून खालचा करडा धातू दिसू लागला होता. आम्ही ओहायओत, क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहतो. इथे येण्यापूर्वी मी पुण्यात काही वर्षे साहित्यशास्त्र शिकवीत असे. पिस्तुलाशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपलीकडे कधी गेलेला नव्हता.

रंगकाम मात्र मला आवडले, हे कबूल करायला हवे. त्यात एक शिस्त आहे आणि ती उतावळ्या माणसाला लगेच उघडे पाडते. आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने जुना रंग घासून काढायचा. मग स्पिरिटने धातू पुसायचा. पुसल्यानंतर त्याला बोटही लावायचे नाही, कारण बोटांचे तेल राहिले की तेवढ्याच जागी रंग पुढे पोपडा धरतो. "आई, आता नुसतं बघ," असे मला दोनदा ऐकावे लागले. स्लाइड ज्या खाचांमधून सरकते त्या आतल्या खाचांवर चिकटपट्टी लावायची. तिथे रंगाची जाडी वाढली तर यंत्र अडते. भाग तारेला टांगायचा, डबा दोन मिनिटे हलवायचा, पंचवीस-तीस सेंटिमीटरांवरून फवारा सोडायचा. तोही वस्तूच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. जवळून मारला तर ओघळ येतात; फार लांबून मारला तर रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. गॅरेजचे दार सताड उघडे आणि तोंडावर मास्क, ही माझी अट होती.

दुसरी अट मात्र वादाची ठरली. नळीच्या टोकाला नारिंगी रंगाचा एक पट्टा होता, अर्धाअधिक खरवडलेला. मुलाचा विचार तोही काळा करून टाकण्याचा होता. "त्याच्यामुळे सगळं खेळण्यासारखं दिसतं," तो म्हणाला. मी म्हणाले, "ते खेळणंच आहे."

हा पट्टा कायद्याचा आहे. अमेरिकेत १९८८च्या संघीय कायद्याने बाजारात येणाऱ्या खोट्या पिस्तुलांवर अशी खूण सक्तीची केली. एअरसॉफ्टच्या नळीवर टोकापासून किमान ६ मिलिमीटर नारिंगी रंग हवा. गोळीचा व्यास तेवढाच, पट्ट्याची किमान रुंदी तेवढीच. ज्या जपानमध्ये हा खेळ जन्मला, तिथे १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलाला पांढरा किंवा पिवळा रंग देणे आणि त्याची नळी बुजवणे बंधनकारक आहे. ब्रिटनने २००६च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकलांच्या विक्रीवरच निर्बंध घातले. वस्तू हुबेहूब करण्याची हौस माणसाला फार. आणि ती पुरती हुबेहूब होऊ नये, तिने आपण नक्कल असल्याची कबुली अंगावर वागवावी, असे मात्र कायद्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे.

हे बोलणे चालू असताना मला अनेक वर्षांनी शंकुक आठवला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचा चित्रतुरगन्याय पाठ असतो. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ती प्रतीती सम्यक् नव्हे, कारण तो घोडा नाही. मिथ्याही नव्हे, कारण आपण फसलेलो नसतो. संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. रंगभूमीवरच्या रामाकडे आपण तसेच पाहतो. मी हे वर्गात फळ्यावर चार रकाने आखून शिकवीत असे आणि पाचवी प्रतीती त्या रकान्यांच्या बाहेर लिहीत असे. मला ते तेव्हा फार देखणे वाटे. चित्राला चौकट आहे आणि नाटकाला रंगमंच आहे, म्हणून ती पाचवी प्रतीती शक्य होते, हे सांगण्याची मला कधी गरजच वाटली नाही.

आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत एक उद्यान आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथे तामिर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. त्या पिस्तुलाचे नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांना फोन करणाऱ्याने सांगितले होते की पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि मुलगा बहुधा अल्पवयीन आहे. ते 'बहुधा' गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलेच नाही. संशय होता तो वाटेत गळला आणि खात्री तेवढी पोचली. गाडी येताच दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा दगावला. डिसेंबर २०१५ मध्ये ग्रँड ज्युरीने पोलिसांवर आरोप ठेवायला नकार दिला. माझा मुलगा तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. आज तो माझ्याहून उंच आहे, सावळा आहे, आणि हुडी घालून फिरतो.

मी हे त्याला सांगू लागले, तर त्याला ते माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत होते. तो पॉलिश पेपर खाली ठेवून म्हणाला, "आई, टोक असतं तरी दोन सेकंदांत ते कुणी पाहिलं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे रात्री लक्षात आले की त्याचा प्रश्न जुनाच आहे. अभिनवगुप्ताचा गुरू भट्टतौत याने शंकुकाला नेमके हेच विचारले होते: तुम्ही याला अनुकरण म्हणता, ते कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, विवेचकाच्या की भरतमुनींच्या? वर्गात मी हा आक्षेप शेवटच्या दहा मिनिटांत उरकत असे. आता वाटते, सगळा पाठ तिथूनच सुरू व्हायला हवा होता. पिस्तूल खोटे आहे हे धरणाऱ्याला माहीत असून भागत नाही. पाहणाऱ्याला ते दिसावे लागते, आणि दिसण्यासाठी त्याला पाहायला सवड आणि इच्छा दोन्ही असावी लागतात. शंकुकाचा प्रेक्षक सहृदय होता, आसनावर बसलेला होता आणि रामाला राम मानायला मुद्दाम आलेला होता. रस्त्यावर तो भेटेलच असे नाही. त्या दोन सेकंदांत पाहणाऱ्याने पिस्तुलाचा रंग आधी पाहिला की मुलाचा, हा प्रश्न उरतोच. ६ मिलिमीटरचा पट्टा पाहणाऱ्याला सहृदय करू शकत नाही. तो फक्त आपल्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे तेवढे बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणाले, "पुरेसं नाही, हे तुझं खरं. पण म्हणून तेवढंही पुसायचं का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठून दुकानात गेला आणि नारिंगी रंगाचा डबा घेऊन आला. नारिंगी थेट काळ्यावर उठत नाही. त्याला खाली पांढरा लागतो. म्हणून आधी टोकाला पांढऱ्याचे दोन हात दिले, मग नारिंगीचे तीन. एक दिवस वाळू दिले. मग त्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळून बाकीचे काळे केले. पट्टा त्याने स्वतः मोजून आखला होता, चांगला दीड सेंटिमीटर. मी काही बोलले नाही.

आठवड्याने पट्टी सोडवली तेव्हा एका बाजूने काळा रंग तिच्याखाली शिरलेला निघाला. त्याने बारीक कुंचला घेतला, डब्याच्या झाकणात थोडा नारिंगी फवारला आणि ती कड हाताने दुरुस्त केली. पिस्तूल आता बंद पेटीतून मैदानावर जाते आणि बंद पेटीतूनच परत येते. तो घरी येईपर्यंत मी गॅरेजचे दार उघडे ठेवते.