कमल बस्तीच्या सावलीत लेन्सची पारख

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ च्या सुमारास बांधवली. आत काळ्या पाषाणाची नेमिनाथांची मूर्ती आहे. मंडपाच्या छतातून उलटे उमललेले कमळ खाली झुकते, त्यावरून बस्तीला हे नाव पडले. बाहेर लख्ख ऊन असले तरी आत सावली दाट असते. फोटो काढणाऱ्याची परीक्षा होते ती इथेच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धारवाडहून माझा भाचा आला होता. त्याने जुन्या बाजारातून निकॉनचा डी-३५०० कॅमेरा घेतला आहे. सोबत नेहमीची १८-५५ ची झूम लेन्स. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांत आणखी एकच लेन्स येणार होती आणि ती त्याला हवी होती अज्जीसाठी. ताईच्या सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. ओळखपत्रावरचा फोटो सोडला तर त्यांचा धड एक फोटो घरात नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून फ्लॅश त्यांना सोसत नाही. "फोटो याक बेकप्पा ईग?" म्हणून त्या तोंड फिरवतात.

मित्रांनी त्याला ५० एमएमची लेन्स सुचवली होती. मी म्हटले, "घेण्याआधी दोन दिवस माझ्याबरोबर फीर."

झूम न होणाऱ्या लेन्सला प्राइम म्हणतात. तिचा मोठा गुण म्हणजे तोंड मोठे उघडते. झूम लेन्स ३५ वर ठेवली तर तिचे तोंड साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते. प्राइमचे १.८ पर्यंत उघडते, म्हणजे सुमारे सहापट उजेड आत येतो. जिथे सेकंदाचा आठवा भाग लागून फोटो हलतो, तिथे पन्नासावा भाग पुरतो. फ्लॅश नको, स्टँडही नको.

मात्र सुरुवातीच्या किमतीच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. निकॉनमध्ये दीडपट, कॅननमध्ये १.६ पटीचा फरक पडतो. त्यामुळे फिल्मच्या काळात सर्वसाधारण मानली जाणारी ५० ची लेन्स इथे ७५-८० सारखी वागते. दृश्य जवळ येते आणि तुम्हाला मागे सरावे लागते.

बस्तीत पुजाऱ्यांची परवानगी घेतली. भाच्याने झूमचे कडे ५० वर फिरवून त्यावर चिकटपट्टी लावली. मग खांबासमोर उभा राहिला. खांबाचा मधला भाग आला, माथा गेला, पाया गेला. "मामा, स्वल्प हिंद सरीरी," असे मला म्हणत तो स्वतः मागे सरत गेला आणि पाठ दुसऱ्या खांबाला टेकली. पट्टी काढून ३५ वर लावली, तेव्हा त्याच जागेवरून खांब पुष्कळ मोकळा दिसू लागला. पूर्ण कमळ मात्र ३५ मध्येही मावेना, त्याला १८ च लागले. जुनी झूम विकू नये, ती याचसाठी.

दुसऱ्या दिवशी खानापूर तालुक्यातल्या हलशीला गेलो. गोव्याच्या कदंबांच्या काळातले तिथले भूवराह-नरसिंह मंदिर मला फार आवडते. दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकापाशी उभे राहून दुसऱ्याकडे पाहायचे, मध्ये मोकळे अंतर. इथे ५० ने गंमत आणली. दूरची चौकट नेमकी उचलली गेली, आजूबाजूची गर्दी गळाली. तेव्हा ५० वाईट नाही. तिला मागे सरायला जागा हवी, एवढेच.

मग प्रश्न उरला अज्जीच्या देवघराचा. भाच्याने ताईला फोन करून अंतर मोजायला लावले. दारापासून पाटापर्यंत सहा फूट. हिशेब सोपा आहे. अशा कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स जितके अंतर, त्याच्या दोन तृतीयांश रुंदी दाखवते. ५० ची जेमतेम निम्मी. म्हणजे सहा फुटांवरून एकीत चार फूट, दुसरीत तीनहून कमी. चार फुटांत अज्जी, समई आणि देव्हाऱ्याची कड मावते. तिनात चेहरा येईल, पण देवघर बाहेर राहील. ३५ ठरली.

घेताना एक गोष्ट पाहावी. निकॉनच्या या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. म्हणून लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेले असावे. जुन्या 'एएफ-डी' लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो. ३५ एमएम एफ १.८ ही डीएक्स लेन्स २००९ पासूनची, जुन्या बाजारात सापडते. कॅननवाल्यांना घरात २४ एमएम एफ २.८ सोयीची, तोंड थोडे लहान, पण ती चपटी आणि हलकी आहे. आणि १.८ वर फोटो काढताना फोकस डोळ्यावर धरावा, कारण तिथे डोळा स्पष्ट आला तरी कान धूसर होतो. कोरीवकामाला तोंड ४ पर्यंत मिटवलेले बरे.

कार्तिकात ताईने फोटो पाठवला. अज्जी समईची वात सारखी करताहेत, उजेड गालावर आहे, हातावरच्या शिराही दिसतात. फ्लॅश नव्हता, म्हणून त्यांनी मान वर केलीच नाही. ताई सांगत होती, सासूबाईंनी तो फोटो दोनदा मागवून पाहिला आणि चौकट करायला सांगितली. आता मला काळजी एवढीच, की भाचा लेन्स घेऊन पुन्हा बेळगावला आला की मलाच खांबाशी उभे करणार.